ख्याल आणि मेटल एका गाण्यात बसवताना

पहिला डेमो मी माझ्या बाईंना ऐकवला. बारा वर्षं ज्यांच्यापुढे बसून ख्याल शिकले, त्या बाई. त्यांनी डोळे मिटून सव्वाचार मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "सम कुठंय गं?" दोन दिवसांनी तालमीत आमच्या ड्रमरने हेडफोन काढले आणि म्हणाला, "तू वन नक्की कुठे पकडतेस?" ख्यालातली सम आणि मेटलमधला वन, दोन्ही म्हणजे मोजणीची पहिली मात्रा.

या दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. बाईंनी ब्लास्ट बीट, म्हणजे मेटलमधला ड्रमचा अतिवेगवान मारा, कधी ऐकलेला नाही, ड्रमरला झुमरा ताल माहीत नाही. तरी दोघांना एकाच ठिकाणी खटकलं. मी ख्यालाचा मुखडा, म्हणजे बंदिशीची समेकडे नेणारी ओळ, घेतला होता, त्याखाली हेवी मेटलचा रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, ठेवला होता, वर थोडा रिव्हर्बचा घुमारा शिंपडला होता, आणि दोन्ही एकत्र वाजतायत म्हणजे दोन्ही एक झाले असं धरून चालले होते. ते एक झाले नव्हते. एका खोलीत दोन माणसं एकाच वेळी बोलत होती, एवढंच.

त्यानंतरच्या सहा वर्षांत जे शिकले ते इथे लिहितेय. दोन टोकांच्या शैली ज्यांच्या अंगात आहेत आणि ज्यांना त्या एका गाण्यात आणायच्या आहेत, त्यांच्यासाठी. माझी जोडी ख्याल आणि मेटल, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच येतील. तुमची जोडी वेगळी असेल तर रागाच्या आणि ट्यूनिंगच्या जागी तुमचं सामान ठेवा. प्रश्न तेच राहतील.

कशात कुणाचं चालणार, ते आधी लिहून काढा

तालमीला जाण्याआधी एक कागद घ्या. त्यावर लिहा: सूर, लय, रचना, नाद, शब्दांचा उच्चार. प्रत्येकापुढे एकाच शैलीचं नाव लिहा. एकाच. "दोन्ही" असं लिहायचं नाही. सुराच्या बाबतीत वाद झाला तर कुणाचं ऐकायचं? लयीच्या बाबतीत? एखाद्या गोष्टीत दोघांनाही अर्धा-अर्धा हक्क दिला की ती गोष्ट कुणाचीच राहत नाही, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं, भले त्याला नेमकं नाव देता येणार नाही.

बोसा नोवाकडे असं बघा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये हे संगीत घडलं तेव्हा त्यात सांबा होता आणि जॅझही होता. लय सांबाची: गायक-गिटारवादक जोआव जिल्बेर्तो गिटारवर अंगठ्याने सुर्दू या मोठ्या ढोलाचा संथ ठोका धरायचे आणि बाकीच्या बोटांनी तांबोरिम या छोट्या ढोलाचा आडवा ताल. स्वरसंगती जॅझच्या वळणाची, सातव्या-नवव्या स्वरांनी भरलेली. आणि गाणं? मायक्रोफोनच्या अगदी जवळ, जवळजवळ बोलल्यासारखं, कंप न देता. प्रत्येक खात्याला एक मालक होता. म्हणून ते मिश्रण वाटत नाही, एक स्वतंत्र संगीत वाटतं.

माझा आजचा कागद असा आहे: सूर ख्यालाचा. आवर्तन, म्हणजे तालाचं एक पूर्ण चक्र, ख्यालाचं. ठोक्याचं वजन आणि वाजवण्याचा जोर मेटलचा. नाद मेटलचा. रचना मेटलची, म्हणजे भाग स्पष्ट वेगळे, गाणं चार-पाच मिनिटांत संपणारं. राग हळूहळू उलगडत नेणारी पाऊण तासाची बढत नाही. यातलं शेवटचं मला जड गेलं. बढत सोडायची म्हणजे ख्यालाचा प्राणच सोडायचा असं वाटायचं. पण तो निर्णय झाला तेव्हाच पहिल्यांदा गाणं पूर्ण झालं.

सूर: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझा षड्ज, म्हणजे सा, काळी चार, हार्मोनियमची चौथी काळी पट्टी. म्हणजे पाश्चात्य नावाने जी शार्प. गिटारवाल्याची सगळ्यात खालची तार ई. मेटलमध्ये ती खालची उघडी तार म्हणजे घर असतं. तळहाताच्या कडेने ती दाबून धरायची आणि पिकने तिच्यावर घाव घालत राहायचं, रिफ तिच्याभोवती फिरतो. आता काळी चारच्या गाणाऱ्याला ई हे घर दिलं तर तो होतो कोमल धैवत. कोमल धैवतावर चार मिनिटं घाव बसत असताना षड्ज लावून बघा. मी पाहिलाय. गळा सारखा खाली ओढला जातो.

पहिला मोह असा होतो की गाणाऱ्याने आपला षड्ज बदलावा. बदलू नका. अर्धा स्वर वर-खाली चालेल, पण आवाज जिथे भरतो ती जागा एकदाच मिळालेली असते. तारा मात्र सैल करता येतात. आम्ही सगळी गिटार अर्ध्या स्वराने उतरवली आणि खालची तार आणखी एका स्वराने, ज्याला गिटारवाले ड्रॉप सी शार्प म्हणतात. आता खालच्या तीन उघड्या तारा झाल्या सी शार्प, जी शार्प, सी शार्प. माझ्या भाषेत म, सा, म.

ते ऐकलं त्या दिवशी मी तालीम थांबवली. मालकंसात पंचम नसतो, म्हणून मालकंस गाताना तानपुरा पंचमाऐवजी मध्यमाला लावतात. गिटारवाल्याने नकळत मालकंसाचा तानपुरा लावून दिला होता.

पुढची गंमत त्याहून मोठी. मेटलचं बहुतेक काम पॉवर कॉर्डवर चालतं: मूळ स्वर आणि त्याचा पंचम, मधला गंधार वगळून. कारण डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या यंत्रातून, दोन स्वर गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. पंचमाच्या अंतरात ते एकमेकांशी जुळतात, गंधार घातला की चिखल होतो. आता मालकंसाचे पाच स्वर घ्या: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. प्रत्येकावर पॉवर कॉर्ड बांधून बघा. कोमल गंधाराचा पंचम कोमल निषाद, रागात आहे. मध्यमाचा पंचम षड्ज, आहे. कोमल धैवताचा कोमल गंधार, आहे. कोमल निषादाचा मध्यम, आहे. फक्त षड्जाचा पंचम निघतो प, जो रागात वर्ज्य. म्हणजे पाचातल्या चार जागी गिटारवाला बिनधास्त वाजवू शकतो, आणि षड्जावर त्याने पंचमाऐवजी मध्यम धरायचा. एवढा एकच नियम त्याला सांगितला. तो आजपर्यंत चुकला नाही.

तुमच्या दोन शैलींमध्येही अशी एखादी जागा असणार, जिथे दोघांचे नियम आपसूक जुळतात. ती ऐकून सापडते आणि कागदावर मांडूनही सापडते. मी सांगेन, मांडूनच बघा. पाच-सात स्वर, त्यांची अंतरं, दुसऱ्या शैलीत वारंवार येणारे स्वरसमूह, आणि मग एकेक ताडून पाहा. एका संध्याकाळचं काम आहे.

पण इथेच एक खड्डा आहे, आणि आम्ही त्यात पडलो. मालकंस मध्यमापासून मोजला तर त्याचे स्वर धानी या दुसऱ्या रागाचे होतात. धानीचे स्वर म्हणजे गिटारवाल्यांची मायनर पेंटाटोनिक ही पाच स्वरांची मालिका, जी ते शिकायला लागल्यापासून वाजवतात. माझ्यासाठी ते काळी चारचं मालकंस होतं, त्याच्यासाठी सी शार्प मायनर पेंटाटोनिक. स्वर तेच, घर वेगळं. त्याचा प्रत्येक रिफ मध्यमावर येऊन बसायचा आणि श्रोत्याच्या कानात तो मध्यमच षड्ज होऊन जायचा. मी मालकंस गातेय असं मला वाटत होतं, ऐकणाऱ्याला धानी ऐकू येत होती.

यावर उपाय बेस गिटार. सगळ्यात खालचा स्वर कान घर म्हणून धरतो, त्यामुळे आम्ही ठरवलं की मोक्याच्या जागी बेस षड्जावरच राहील. गिटार वर मध्यमावर थांबली तरी चालेल. मध्यम हा मालकंसाचा वादी, म्हणजे सगळ्यात मानाचा स्वर आहे, तिथे थांबणं शोभतं. पण खाली सा. माझ्या कागदावर "सूर" या शब्दापुढे आता "सा: बेस" असंही लिहिलेलं आहे.

आणि स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे, हे मेटलवाल्या मित्रांना एकदा समोर बसवून ऐकवा. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाचही स्वर तेच. भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. मी दोन्ही लागोपाठ गाऊन दाखवले तेव्हा गिटारवाला म्हणाला, "हे दोन वेगळे प्रदेश आहेत." नंतर रिफ लिहिताना तो विचारायला लागला की कुठे थांबू. तो प्रश्न आला की काम निम्मं झालं.

कीबोर्ड घ्यायचा असेल तर अजून एक गोष्ट. कीबोर्डवर एका सप्तकाचे बारा सारखे तुकडे असतात, प्रत्येक शंभर सेंटचा. सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप. पंचम त्यात जवळजवळ बरोबर बसतो, दोन सेंटचा फरक. शुद्ध गंधार मात्र ४०० सेंटवर असतो आणि तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ३८६ वर. चौदा सेंट कमी वाटतात, पण मध्य सप्तकात लांब स्वर धरला की सेकंदाला दोन-तीन आंदोलनं स्पष्ट ऐकू येतात. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली, त्यामागच्या कारणांमध्ये हेही होतं. म्हणून माझ्या आवाजाखाली लांब पॅड, म्हणजे कीबोर्डचे धरून ठेवलेले स्वर, मी ठेवत नाही. पॉवर कॉर्डमध्ये गंधार नसतोच, त्यामुळे गंधार कुठे लावायचा हे ठरवायला गळा मोकळा राहतो. अरबी मकामातून, म्हणजे तिथल्या रागांसारख्या पद्धतीतून, येणाऱ्यांना हे याहून जास्त जाणवेल. रास्त या मकामाचा तिसरा स्वर मायनर आणि मेजर यांच्या साधारण मध्ये असतो, कीबोर्डवर त्याला पट्टीच नाही. अशा वेळी पडदे नसलेला बेस, व्हायोलिन किंवा स्लाइड घ्या. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी शक्ती या समूहासाठी जी गिटार बनवून घेतली होती तिचे पडद्यांमधले खण खोल कोरलेले होते, तार दाबून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढता यावी म्हणून, आणि भोकावरून तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा आडव्या नेलेल्या होत्या. वाद्यच बदलावं लागतं कधी कधी.

सम आणि वन

आता बाईंचा प्रश्न.

तीनतालातल्या पुष्कळ बंदिशींचा मुखडा खालीपासून, म्हणजे तालाच्या रिकाम्या भागापासून, नवव्या मात्रेपासून उठतो आणि समेवर येऊन पडतो. म्हणजे वाक्य जिथे पोचतं ती सम. रॉक आणि मेटलमध्ये बहुतेक वेळा वाक्य जिथे सुरू होतं तो वन. ड्रमरने माझ्या मुखड्याची सुरुवात ऐकली, तीच पहिली मात्रा धरली आणि तिथे क्रॅश ही मोठी झांज मारली. झालं. अख्खं गाणं आठ मात्रांनी सरकलं. माझी सम त्याच्या सोळा मात्रांच्या मधोमध, कुणाचं लक्ष नसलेल्या जागी पडत होती. म्हणून बाईंना सम सापडेना.

दुरुस्तीला दोन तालमी लागल्या. पहिल्यांदा गिटार बंद, बेस बंद. मी हाताने ताल देत मुखडा म्हटला आणि ड्रमरने फक्त समेवर क्रॅश द्यायचा, बाकी काही नाही. वीस मिनिटं तेवढंच. मग त्याला ठेका बोलून दाखवला: धा धीं धीं धा, धा धीं धीं धा, धा तीं तीं ता, ता धीं धीं धा. त्याने दुसऱ्यांदा ऐकताच पकडलं की दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा नाही, खालचा घुमारा गेलेला असतो आणि चौदाव्याला परत येतो. "म्हणजे किक काढायची आणि परत आणायची," तो म्हणाला. किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. बरोबर तेच. आता तो त्या चार मात्रांत किक काढतो, चौदाव्याला डबल किक सुरू करतो, आणि समेवर सगळा बँड कोसळतो. खाली-भरी मेटलमध्येही होती, फक्त तिला तिथे नाव नव्हतं.

तिहाई हा तर दोघांनाही आवडणारा खेळ. सूत्र सोपं आहे. तुकडा तीनदा, मध्ये दोन जागा रिकाम्या, आणि तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा घाव समेवर. चार-चारची चार मापं म्हणजे सोळा मात्रा, पुढची सतरावी म्हणजे सम. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा विश्रांती, असं तीनदा: पाच, एक, पाच, एक, पाच, झाले सतरा. पहिल्या मात्रेवर उचला, बरोबर समेवर पडाल. गिटार, बेस, ड्रम्स आणि गळा चौघांनी एकत्र केलं की बाहेरच्या माणसाला ते मेटलचा ब्रेकडाउन, म्हणजे सगळ्यांनी मिळून घातलेले जड घाव, वाटतं आणि आतल्याला तिहाई.

वेगाचा प्रश्न सगळे विचारतात: विलंबित, म्हणजे अगदी संथ लय, आणि १६० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १६० ठोके, एकत्र कसं राहणार? राहतं, एक दुसऱ्याच्या आत. १६० ला एक ठोका ०.३७५ सेकंदाचा. आठ ठोके, म्हणजे दोन मापं, तीन सेकंद. ते तीन सेकंद माझी एक मात्रा. एकताल बारा मात्रांचा, म्हणून एक आवर्तन छत्तीस सेकंद, ड्रमरच्या मोजणीत चोवीस मापं. तो धावत असतो, मी सावकाश चालत असते, आणि चोवीस मापांनी आम्ही एकाच दारात येतो. वेग कमी-जास्त करून मधला कुठलातरी आकडा काढू नका. मधल्या वेगात विलंबितचा पैस जातो आणि मेटलची धारही जाते. गुणोत्तर शोधा.

हेच इतर जोड्यांना लागू आहे. स्पेनच्या फ्लामेंको संगीतातल्या बुलेरियास या प्रकारात बारा मात्रांचं चक्र असतं, आघात बारा, तीन, सहा, आठ आणि दहावर. त्याखाली टेक्नो या यांत्रिक नृत्यसंगीताचा चार-चारचा किक ठेवला तर तीन मापांत तो चक्रात बसतो, पण आघात त्याला तिरके कापत जातात. ते तिरकं कापणंच ठेवा. किक हलवून आघातांशी जुळवलात तर टेक्नो गेलं, आणि आघात किकला जुळवलेत तर फ्लामेंको.

संगणकावर काम करत असाल तर क्वांटाइझचं, म्हणजे ठोके आपोआप सारख्या अंतराच्या ग्रिडवर बसवणारं, बटण शेवटपर्यंत दूर ठेवा. जॅझचा स्विंग मध्यम वेगात साधारण दोनास एक अशा प्रमाणात लांब-आखूड पडतो आणि वेग वाढला की सपाट होत जातो. तबल्याच्या लग्गीलाही असाच कललेला तोल असतो. ग्रिड तो खाऊन टाकतं.

दुसऱ्या घरी राहून या

मेटल मी चोविसाव्या वर्षी शिकायला घेतलं. ऐकत आधीपासून होते, पण ऐकणं वेगळं. तीन गाणी निवडली, तीन वेगळ्या बँडची, आणि प्रत्येकातला बेस कानाने उतरवला. नोटेशन न बघता. प्रत्येक गाण्याला साधारण महिना गेला. मूळ रेकॉर्डिंगबरोबर वाजवायचं, आपलं वेगळं रेकॉर्ड करायचं, मग दोन्ही ऐकायचं. दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं की मेटल डिस्टॉर्शनमध्ये नाहीच, ते उजव्या हातात आहे. तार किती दाबायची, किती लवकर सोडायची. तोवर मी नुसता आवाज वाढवत होते.

तुम्हीही असंच करा. ज्या शैलीत तुम्ही नवे आहात तिथलं एक वाद्य किंवा एक आवाज, तीन गाणी, कानाने. तयार लूपचे, म्हणजे परत परत वाजवायच्या छोट्या रेकॉर्डिंगचे, संच विकत मिळतात. त्यांतला सतारीचा तुकडा उचलून ठेवला की शैली आली असं होत नाही. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश १९७० मध्ये घानाला ड्रम शिकायला गेले होते. परतल्यावर त्यांनी तिथल्या ढोलांचा नाद आपल्या संगीतात चिकटवला नाही. एकावर एक चढणाऱ्या आवर्तनांची रचना घेतली आणि ती आपल्या वाद्यांवर बसवली. उसनं घ्यायचं तर रचना घ्या. नाद सगळ्यांनाच दिसतो, रचना शिकणाऱ्यालाच दिसते.

आणि ज्या शैलीत तुम्ही मुरलेले आहात तिचा रियाज सोडू नका. मी दीड वर्षं सोडला होता, बँडच्या भरात. तानांची धार गेली आणि ती परत आणायला दोन वर्षं लागली.

नादाची गर्दी

डग्गा, किक, बेस आणि उतरवलेली गिटार, चौघेही एकाच तळमजल्यावर राहायला येतात. आमची खालची तार ६९ हर्ट्झवर वाजते, किकचा दणका ५० ते १०० मध्ये, बेसचा षड्ज ५२ वर. ईक्यूने, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करून, हे सोडवता येईल या आशेवर मी एक हिवाळा घालवला. सुटतं ते मांडणीने. एका वेळी तळमजल्यावर दोघेच. डग्गा आला की किक थांबते, किक आली की तबलजी चाटेवरचं वाजवतो.

वरच्या बाजूला भांडण गळ्याचं आणि डिस्टॉर्शनचं. शब्द कळतात ते साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि गिटारची सगळी चमकही तिथेच. गाणं सुरू झालं की आमच्या दोनातली एक गिटार गप्प होते आणि दुसरी दाबून वाजते, घावांमध्ये फटी ठेवून. त्या फटींमधून कणस्वर बाहेर येतात. तानपुरा मी जोराच्या भागात वाजवतच नाही. त्याच्या जव्हारीचे, म्हणजे तारांच्या झंकाराचे, वरचे सूर डिस्टॉर्शनमध्ये बुडून नुसती खरखर होते. तो शांत भागात येतो, एकटा, आणि मग खरंच ऐकू येतो.

रेकॉर्डिंगच्या वेळी आधीच सांगून ठेवा: पिच करेक्शन, म्हणजे संगणकाने सूर सरळ करणं, नको. माझ्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये इंजिनीअरने सवयीने ते लावलं. मालकंसाच्या कोमल गंधारावरचं आंदोलन सरळ रेषेत बसवलं गेलं आणि मींडीच्या पायऱ्या झाल्या. ऐकताना कुणी माझ्या गळ्यातून हाडं काढून घेतल्यासारखं झालं. मूळ फाइल त्यांच्याकडे उरली नव्हती, चार तास गायलेलं सगळं पुन्हा गावं लागलं. तेव्हापासून कच्च्या रेकॉर्डिंगची प्रत मी त्याच दिवशी घरी आणते. आवाजाची चढ-उतार कमी करणारा कॉम्प्रेसरही हलका ठेवायला सांगते. ख्यालात आवाज कमी करून जवळ बोलावणं असतं. सगळं एका पातळीवर आणलं की ते बोलावणं जातं.

ऐकवा, पण कुणाला

डेमो दीड मिनिटाचा पुरे. त्यात एक मुखडा, एक रिफ आणि ज्या जागी दोन्ही एकमेकांना भिडतात ती जागा. तो दोनच माणसांना द्या, दोन्ही बाजूंची मुरलेली एकेक व्यक्ती. "कसं वाटलं?" असं विचारू नका, आवडलं एवढंच उत्तर येतं. विचारा: कुठे लक्ष उडालं? सम कुठे वाटली? कुठला भाग उपरा वाटला? दोघांनी एकाच सेकंदावर बोट ठेवलं तर ती जागा चुकलीय, वाद घालू नका. एकालाच खटकलं तर थांबा, कागद बघा, त्या खात्याचा मालक कोण ते बघा. खटकलेला माणूस मालकाच्या बाजूचा असेल तर बदला. दुसऱ्या बाजूचा असेल तर बहुधा तसंच ठेवा. तो खटका म्हणजे त्याला पहिल्यांदा काहीतरी नवं ऐकू आलंय.

तिसरी शैली इतक्यात घेऊ नका. दोनांचं नीट जमायला मला चार गाणी लागली.

श्रेयाचं बोलणं पहिल्याच तालमीत करा, लाजू नका. कुणी बंदिश दिली, कुणाची चाल, रिफ कुणाचा, ड्रम कुणी बांधले, कुणाला किती टक्के, हे लिहून सगळ्यांच्या सह्या. पारंपरिक बंदिश असेल तर "पारंपरिक" लिहा आणि ती ज्यांच्याकडून मिळाली त्यांचं नावही लिहा. सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा, घेतलं तर परवानगी घ्या. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ मधल्या एका गाण्यातला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा हिप-हॉपमध्ये आणि जंगल नावाच्या नृत्यसंगीतात हजारो वेळा वापरला गेला. तो वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला हयातीत त्याची रॉयल्टी मिळाली नाही. दोन शैलींच्या मध्ये काम करणारे आपण सतत दुसऱ्याच्या घरातून काहीतरी उचलून आणत असतो, म्हणून हे आपल्याला जास्त लागू आहे.

मंचावर जाताना कानातल्या मॉनिटरची नीट वाटणी करून घ्या. मला षड्ज हवा आणि क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, हळू. ड्रमरला क्लिक मोठा आणि माझा मुखडा त्याहून मोठा, कारण सम त्याला मुखड्यावरून कळते. गिटारवाल्याला मी फारशी नको असते. त्याला बेस द्या. साउंड चेकला गाण्याची सुरुवात वाजवू नका, सगळ्यात गर्दीचा भाग वाजवा.

गेल्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्यात माझ्या कानातला तानपुरा बंद पडला. गिटारच्या उघड्या तारा वाजत होत्या, म सा म, आणि कान मध्यमाकडे घसरायला लागला. पुढच्या आलापाला सहा सेकंद होती. मी बेसिस्टकडे पाहिलं नाही, पाहायला वेळ नव्हता. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं. तो आपला चढता तुकडा सोडून खाली आला आणि षड्जावर बसून राहिला, ५२ हर्ट्झ, नुसता एक स्वर, तो आवर्तन संपेपर्यंत हलला नाही. मी त्यावर गंधार लावला.